लाल डबी, निळी डबी

"खरं सांग, कोणत्यातलं पाणी जास्त ओलं दिसतंय?"

भाजीचा डबा घेऊन मी गायके काकांच्या दाराबाहेर उभी होते. आत काका गॅसवाल्याला विचारत होते. खांद्यावरचं रिकामं सिलिंडर खाली न ठेवताच तो म्हणाला, "पहिल्यातलं लई ओलं, काका," आणि माझ्या बाजूनं जवळजवळ पळतच जिना उतरला.

पुंडलिकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांचं हे मतदान कुणालाच चुकलेलं नाही. टीव्हीखाली दोन प्लेअर. एकात लाल डबीतली एचडी डीव्हीडी, दुसऱ्यात निळ्या डबीतली ब्ल्यू-रे. दोन्हींत समुद्राची तीच फिल्म, तोच देवमासा. प्लेअर त्यांच्या मुलानं अमेरिकेहून पाठवलेले, आपल्या विजेवर थेट न चालणारे, म्हणून मागे एक जड ट्रान्सफॉर्मर सतत घुमत असतो. काका रिमोटनं एकदा हा मासा दाखवतात, एकदा तो, आणि आपण सांगायचं, चांगला कोणता.

मला आजवर काडीचाही फरक दिसलेला नाही. मी "लाल" म्हणते, कारण लाल म्हटलं की सुटका होते.

काकांची पूर्वी उस्मानपुऱ्यात व्हिडिओ लायब्ररी होती. या दोन डिस्कांची लढाई लागली तेव्हा त्यांनी लालची बाजू घेतली. लाल हरली, कंपन्यांनी ती बनवणंच बंद केलं. तेव्हा मी नर्सरीत होते. पुढं पिक्चर फोनवर आले, निळ्या डब्याही लोकांच्या कपाटात गेल्या, पण काकांच्या हॉलमध्ये निकाल अजून लागायचाच आहे. "कंपन्या हरल्या, चित्र नाय हरलं," हे वाक्य मी आता झोपेतही म्हणेन. लालला सरहद्द नव्हती, कुठल्याही मुलुखातली डिस्क चालायची, हे त्यांचं दुसरं. मी मान हलवत राहते. काकू गेल्यापासून दर रविवारी डबा पोचवायचं काम माझ्याकडं आहे, आणि डबा देऊन लगेच परत येणं मला कधीच जमलेलं नाही.

गेल्या रविवारी मात्र हॉलमध्ये काहीच घुमत नव्हतं. दोन्ही प्लेअर चादरीत बांधून दाराशी ठेवलेले. भंगारवाल्याला देतोय, काका म्हणाले. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. तरी तोंडदेखलं मी विचारलं, का.

"सगळेच लाल म्हणतात ना आता. गॅसवाला लाल. तुझी आई लाल. तू बी लाल." काका खुर्चीत बसले. "तुझ्या काकूला मोतीबिंदू. मासा कुठं अन् पाणी कुठं, कळायचं नाय. पण रोज निळंच म्हणायची. मग आमची जुंपायची ती जेवणापर्यंत. दवाखान्यातनं फोन केला तिनं, तर तब्येतीचं ऱ्हायलं बाजूला, निळंच म्हणाली."

ते हसले. मग उठून चादरीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"आता जिंकलोच म्हणायचं. पण मजा नाय."

खाली भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. काकांनी गाठोड्याला हात घातला. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. पण गाठोड्याचं दुसरं टोक मी धरलं होतं आणि सोडत नव्हते.

"काका, तुमच्या लालमध्ये काही दम नाही," मी म्हणाले. "लावा परत, दाखवते."