दिजाँच्या तळघरातला पारखी

दौलताबादच्या किल्ल्याकडं बघत पडेगावात वाढलेला माणूस जगात कुठंही नेऊन उभा करा, तो भारावून जायचा नाही. अन्नप्रक्रियेचं शिक्षण घ्यायला फ्रान्सला निघालो तेव्हाच मी आईला सांगून ठेवलं होतं, "ते लोक मला काय दाखवणार? मीच त्यांना चार गोष्टी शिकवून येतो."

दिजाँत उतरलो आणि माझंच खरं ठरलं. तिथला पाव इतका कडक की खाण्यापेक्षा बैल हाकायला बरा. चीज म्हणून जे पुढं आलं त्याला पावसाळाभर न वाळलेल्या मोज्याचा वास. मोठ्या कौतुकानं एक जुना राजवाडा दाखवायला नेलं, तर खंदकात बदकं पोहत होती. आमच्या खंदकात मगरी सोडायचे म्हणतात. बदकं बघून कुठला शत्रू माघारी फिरंल?

हे सगळं ऐकायला रुक्सार होती. ती आमच्या पडेगावाशेजारच्या छावणीतली, इथं माझ्याच वर्गात. तिची फ्रेंच फर्डी, माझी 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यांच्यापुढं सरकलेली नव्हती. शिकवणं इंग्रजीत होतं म्हणून निभत होतं.

"गोकुळ, इथलं काहीच कसं आवडत नाही रे तुला?" एकदा ती वैतागली.

"विमानतळ आवडला. तिथून परत जाता येतं."

मग एक दिवस आमच्या बाई सगळ्या वर्गाला जवळच्या गावातल्या द्राक्षमळ्यावर घेऊन गेल्या. मळ्याचे मालक रेनार स्वतः वाइन बनवायचे आणि उन्हाळ्यात एकाच विद्यार्थ्याला प्रशिक्षणाला ठेवून घ्यायचे. ती जागा सगळ्यांनाच हवी होती. मला जरा जास्तच, कारण घरी मी ती मिळाल्यासारखंच सांगून टाकलं होतं.

तळघरात रेनारनी प्रत्येकाच्या हातात ग्लास दिला आणि मधे एक बादली ठेवली.

"घोट तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा," रुक्सारनं मला समजावलं. ती पीत नाही, ती नुसता वास घेत होती.

"पाहुण्याला प्यायला द्यायचं आन् वर थुंक म्हणायचं? आपल्याकडं एवढ्यावर सोयरीक मोडंल." मी घोट सरळ गिळला.

कशी वाटली, असं रेनारनी विचारलं. मी मराठीत म्हणालो, "तांब्याच्या घागरीत चिंच भिजत टाकून विसरल्यासारखी. वर ओल्या गोणपाटाचा वास."

रुक्सारला वाटलं, आज याची चांगली जिरंल. तिनं शब्द न् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला.

रेनारचा चेहरा एकदम उजळला. घागर, चिंच, गोणपाट! इतकं बारीक आजवर कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. त्यांनी मला दुसऱ्या पिंपातली दिली.

"जांभळं खाता खाता चामड्याची चप्पल चावल्यागत," मी म्हणालो.

रुक्सारनं तेही सांगितलं. आता रेनारनी बायकोला हाक मारली. तिनं माझ्याच फोनवर, ग्लासात नाक घातलेला माझा फोटो काढला. मी तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'इथं मला पारखी म्हणतात.' बाईंनीही माझ्याकडं पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं. मी जितकी जास्त नावं ठेवू, तितकी माझी किंमत वाढत होती. आणि इतर पोरं थुंकत असताना मी एकटाच सगळं गिळत होतो, त्यामुळं तळघराचे खांब हळूहळू झुलायला लागले होते.

कोपऱ्यात एक लहान पिंप दिसलं. चांगला माल लपवून ठेवलाय, हे माझ्यासारख्याला लगेच कळलं. मी जाऊन तोटी सोडली आणि ग्लास भरला.

"गोकुळ, थांब. आधी वास घे," रुक्सार मागून म्हणाली. "हा सिरका आहे, व्हिनेगर."

"थेंब पीत नाहीस तू, आन् मला शिकवतीस?" मी ग्लास तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशातलं काहीतरी मला मनापासून आवडलं.

"ह्याला म्हणायचं वाइन," मी सगळ्या तळघराला ऐकवलं. "बाकीची पिंपं ओतून द्या. कुठली स्पर्धा असंल तर हीच पाठवा. आन् मला अजून एक ग्लास."

रुक्सारनं हेही इमानदारीत सांगितलं.

रेनारनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं बाईंकडं, बाईंनी छताकडं. मग रेनार अगदी हळू आवाजात काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, हा त्यांच्या बायकोनं केलेला सिरका आहे," रुक्सार म्हणाली. "सॅलडवर घालतात."

रेनारच्या बायकोनं रुक्सारला विचारलं, तुला लांबून कसं कळलं? रुक्सार म्हणाली, वासावरून. बाई तिथंच त्या दोघींना घेऊन बाजूला गेल्या. उन्हाळ्याचं प्रशिक्षण रुक्सारला मिळालं, सिरक्याच्या विभागात.

परतताना बसमध्ये आईचा फोन आला. तिनं फोटो पाहिला होता.

"दारू पितूस व्हय रं तिकडं?"

"नाय आई, सिरका होता."

"खोटं बोलू नगं."

मी फोन रुक्सारकडं दिला. "खरंच सिरका होता, मावशी," ती म्हणाली. "ग्लासभर प्यायला, वर अजून मागत होता."

फोन परत माझ्याकडं आला. आईचा आवाज एकदम मऊ झाला.

"गोकुळ, आपल्या म्हशीनं युरिया खाल्ला, तवा डाक्टरनं तिला सिरका पाजला व्हता. तू काय खाल्लंस रं बाबा?"