हात मागं बांधणारा फादर

माणसाचे हात बांधतात ते पोलीस. आमच्या गावात ते काम मिशनच्या फादरनं केलं, आणि तेही ज्याच्या त्याच्या पटक्यानं. रोज संध्याकाळी मिशनच्या मैदानावर आम्ही अकरा बापे हात पाठीशी बांधून फुटबॉलमागं धावायचो. पहिल्या दिवशी माझी बायको रडत आली. तिला वाटलं, मला धरून नेतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तीही मास्तरनं पुढं ढकललेली. पण बैलालासुद्धा मी कधी असं बांधलं नाही.

फादर मूळचा स्पेन देशाचा. नाव रामोन. मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळं लहानथोर सगळ्यांना 'आपण'. गोलात शेळी शिरली तरी म्हणायचा, "आपण बाहेर यावे." शेळी कशाला ऐकते.

पाद्री व्हायच्या आधी तो तिकडं एका संघात बॅक होता. बॅक म्हणजे गोलापुढं उभं राहून येईल त्याला अडवणारा गडी. "मी आयुष्यात एकही गोल केला नाही," हे तो छाती काढून सांगायचा. मी म्हटलं, आमच्याकडं असल्या गड्याला दुसऱ्यांदा कुणी बोलवत नाही. तर म्हणतो, "भागाजीराव, गोल करणाऱ्याला सगळे ओळखतात. अडवणाऱ्याला फक्त त्याचा मॅनेजर ओळखतो." इथं तो आमचा मॅनेजर झाला. त्यानं मला ओळखलं कसं, ते पुढं सांगतो.

हात बांधायचं कारण आमचंच होतं, हे कबूल करतो. आम्ही सगळे हुतूतूतले. पहिल्याच सामन्यात समोरचा गडी चेंडू घेऊन आला, तशी आम्ही चार बॅकांनी हातात हात घालून साखळी केली, त्याला कोंडला, आणि मी त्याचा घोटा धरून आडवा पाडला. दम सुटेस्तोवर सोडला नाही. गावानं टाळ्या पिटल्या. पंचानं शिट्टी मारून त्यांना फुकटचा गोल मारायला दिला. फादर डोकं धरून खाली बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पटके.

मग दुष्काळ पडला. आम्ही सगळे तलावाच्या कामावर. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी मैदान. त्यातच केडगावच्या गड्यांशी सामना ठरला, घोडेगावच्या बाजारतळावर. माझी सासरवाडी तिथलीच. सगळे बघायला येणार. मी तीन महिने मुकाट हात बांधून घेतले होते ते या दिवसासाठी.

आठ दिवस आधी कामावर पायावर धोंडा पडला. नख गेलं, पाऊल सुजलं. आम्ही पायाला फडकी गुंडाळूनच खेळायचो, त्यामुळं कुणाला दिसायचं कारण नव्हतं. बायकोलाही सांगितलं नाही.

सामन्याच्या वेळी, सासऱ्यादेखत, फादर म्हणाला, "भागाजीराव, आपण बसावे. आपले हात अजून मागे राहत नाहीत."

तीन महिन्यांत मी कुणाला बोट लावलं नव्हतं. मी म्हटलं, "खोटं बोलतोस. पाद्री असून खोटं बोलतोस."

एरवी मी त्याला 'तुमी' म्हणायचो. माझ्या जागी चेंडू आणून द्यायला ठेवलेला पोरगा उतरला, त्याच्याच बाजूनं गोल झाला आणि आम्ही हरलो. सासरा म्हणाला, जावई बसायला आला होता वाटतं. त्यानंतर वर्षभर मी फादरशी बोललो नाही. रस्त्यात दिसला तर मान फिरवायचो.

वर्षानं त्याची बदली झाली. जायच्या दिवशी सकाळी दारात आला. मी आत ये म्हटलं नाही.

"आपल्या फडक्यावर रक्त आले होते," तो म्हणाला. "पाय बरा नाही म्हटले असते, तर आपण ऐकले नसते. खेळलाच असतात."

"मग चारचौघांत हाताचं नाव कशाला घेतलं? माझी लाज गेली."

"मीही तिकडे पाय लपवला होता, भागाजीराव. माझ्या मॅनेजरने पाहिले आणि गप्प राहिला. त्याला माझा राग नको होता. तो माझा शेवटचा सामना." मग म्हणाला, संघ आता आपण सांभाळावा, आणि निघून गेला.

खुलासा करायला वर्ष लावलं, याचा राग मला अजून आहे. संघ मात्र मी घेतला. मागं एकदा पुतण्याचा गुडघा सुजलेला दिसला. मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, तुझ्यात दम न्हाई, बस. त्या दिवाळीला तो पाया पडायला आला नाही. माझं घर माणसांनी भरलेलं, एक आला नाही तर काय बिघडतं. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

फादर मिशनच्या खोलीत एकटा राहायचा. तो सामना हरलो त्या वर्षी नाताळाला त्यानं सगळ्या संघाला चहाला बोलावलं; संघातले आम्ही चौघं, त्यानं कधी ना कधी बसवलेले, राग धरून त्याच्याकडं गेलो नाही. मिशनचा स्वयंपाकी सांगत होता, कपबश्या मात्र त्यानं अकराच्या अकरा मांडल्या होत्या.