सुकाणूच्या तारेची तिसरी मोहीम

श्रोतेजन सावध असावे आणि वाचणारांनी चष्मे पुसोन घ्यावे. पृथ्वीवर थोर थोर मोहिमा जाहल्या, त्या ज्यांनी लिहावयाच्या त्यांनी लिहिल्या. परंतु वस्तीबाहेरील पत्र्याच्या शेडमध्ये दंतवैद्य सरकारांनी विमानाच्या तारेशी जे घोर युद्ध केले, त्याची दखल कोणी घेतली नाही, सबब ती हकीकत येथे तपशीलवार लिहिली असे.

दंतवैद्य सरकार चाळीस वर्षे दाढा काढोन आणि कवळ्या बसवोन निवृत्त जाहले, आणि मग मनाने घेतले की स्वहस्ते विमान बांधावे आणि त्यात बसोन उडावे. सात वर्षे नळ्या जोडल्या, पंखांवर कापड ताणले, आणि दोन आसनांचे विमान सिद्ध जाहले. पुढले आसन खाशांचे, मागले बाईसाहेबांचे. बाईसाहेब म्हणजे सरकारांचे कुटुंब. शिवणकामाचे दुकान चालवीत, आणि पंखांच्या कापडाची एकूणएक शिवण त्यांचे हातची. आता उडावयाचे तर तपासनीसांची सही पाहिजे, आणि तपासनीस बहुत करडे. त्यांनी दोन वेळा नामंजुरी फर्माविली होती; तिसऱ्यांदा जाहली तर अर्ज नव्याने करावा आणि दोन वर्षे रांगेत तिष्ठत बसावे, ऐसा कायदा. इकडे सरकारांचे वय एकाहत्तर, उडण्यालायक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला चार महिन्यांचा उरलेला, आणि रक्तातली साखर दाखल्याची मुदत न पाहता चढाई करीत होती. म्हणोन ही स्वारी शेवटली, हे सरकार मनोमन जाणोन होते आणि त्यांस घास गोड लागत नव्हता.

नामंजुरीचे कारण एकच. पायांखालच्या पायडलांपासून निघोन, आसनाखालच्या कप्पीवरून वळोन, शेपटीच्या सुकाणूस जाणारी पोलादी तार, म्हणजे केबल. पाय दाबावा, केबल ओढली जावी आणि विमानाने तोंड फिरवावे, ऐसा बंदोबस्त. ती तुटली तर विमान मन मानेल तिकडे जाणार. तपासनीसांचे हत्यार म्हणजे एक पांढरा सुती रुमाल. तो केबलवरून हलकेच फिरवीत न्यावा. एखादा तंतू तुटला असेल तर कापड तेथे अडकते. पहिल्या स्वारीत रुमाल कप्पीपाशी अडकला. सरकारांनी ती केबल बेइमान ठरवोन हद्दपार केली आणि नवी चढविली, आणि मग रोज सकाळी शेडमध्ये विमानात बसोन, तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत, सरावासाठी पाचशे वेळा पायडले दाबली. दुसऱ्या स्वारीत रुमाल त्याच जागी, तितकाच घट्ट अडकला. तपासनीस "कारण शोधा, डॉक्टर," इतकेच बोलोन चालते जाहले, आणि सरकारांचा चेहरा पडला तो आठ दिवस वर आला नाही.

मग तिसरी केबल आणविली आणि मसलत बसली. सरकारांचा बेत ऐसा की केबलीस रबरी नळीचे चिलखत चढवावे आणि वरून ग्रीसचा मारा करावा. ते समयी बाईसाहेब डबा घेवोन शेडमध्ये दाखल जाहल्या आणि बेत ऐकोन कमरेवर हात ठेवोन उभ्या राहिल्या.

"अहो, दोन केबली एकाच जागी झिजल्या. मग दोष केबलीचा कसा?"

"कंपनीच भिकार आहे गं ती."

"माझ्या मशीनवर दोरा सारखा तुटायला लागला, तर मी दोऱ्याला शिव्या घालत बसते का? तो जातो कुठून ते बघते. सरका बाजूला."

सरकार सरकले, कारण या सुरापुढे चाळीस वर्षांत कोणाचा टिकाव लागला नव्हता. बाईसाहेबांनी कापडावर खुणा करावयाचा खडू काढोन कप्पीच्या कडेवर रेघ मारिली, आणि सरकारांस पायडल दाबण्याचा हुकूम जाहला. केबल सरकन पुढे गेली, सरकन मागे आली, आणि खडूची रेघ जेथे होती तेथेच मख्ख बसली. कप्पी फिरतच नव्हती! केबल बापडी तिच्यावरून घासत जात होती आणि आपले तंतू गमावीत होती. मग बाईसाहेबांनी बॅटरीचा झोत आत टाकिला.

"कप्पीच्या बाजूला हे पांढरं काय आहे?"

सरकार छताकडे पाहू लागले.

"फट होती गं तिथे," ते अखेर वदले. "कप्पी आणि तिला धरणाऱ्या पट्टीच्या मधे. दिसली, म्हणून भरली."

"काय भरलं?"

"दातात भरतो तेच."

चाळीस वर्षे ज्या पुरुषाने एकही फट उघडी सोडिली नाही, त्याचा हात तेथे तरी कैसा थांबावा? कप्पीस फिरण्यापुरती मोकळीक लागते, हे मनात येण्यापूर्वीच हाताने काम उरकले होते, आणि वर घासोन गुळगुळीतही केले होते. बाईसाहेब हसो लागल्या त्या स्टुलावर बसोन हसल्या. सरकार मात्र शरमिंदे जाहले, कारण दोन निरपराध केबलींस त्यांनी नाही नाही ते बोलिले होते.

तत्क्षणी दवाखान्यातले जुने ड्रिल आणविले आणि वेढा सुरू जाहला. खासे आसनाखाली उताणे शिरले, पाय तेवढे बाहेर. बाईसाहेब एके हाती बॅटरी आणि दुसरे हाती व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरोन भुकटी ओढीत राहिल्या. भराव इतका उमदा बसला होता की निघता निघेना, आणि दर पाच मिनिटांनी आतून "काय सुंदर काम केलंय मी!" ऐसा हताश उद्गार येई. तीन तासांनी कप्पीचा बोल्ट मोकळा जाहला. घासोन चर पडलेली कप्पी काढिली, नवी बसविली, ती बोटाच्या टिचकीने गरगर फिरली. मग तिसरी केबल चढवोन ती खाचेत सरळ बसते की नाही, वाटेत कोठे घासते की काय, हे वीतवीत पाहिले. पुन्हा खडूची रेघ, पुन्हा पायडल. रेघ फिरोन दिसेनाशी जाहली आणि परत आली. सरकारांचे डोळे भरोन आले.

ठरल्या दिवशी सकाळी तपासनीस आले. रुमाल या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाला, कोठे अडला नाही. तरी त्यांनी लेखणी उघडिली नाही, आणि पुसिले की आधीच्या दोन कशाने झिजल्या? केबली खराब होत्या ऐसे सांगोन अब्रू राखता आली असती, आणि सरकारांच्या जिभेवर ते आलेही. परंतु मागल्या आसनाकडे दृष्टी गेली, आणि तेथे कोण बसणार ते आठवले.

"मीच कप्पी भरून टाकली होती," ते म्हणाले. "दाढेसारखी."

तपासनीसांची मिशी हलली. "हेच ऐकायचं होतं," ते वदले. "कारण कळल्याशिवाय मी सही करणार नव्हतो." आणि सही जाहली.

मग त्याच सकाळी उभयता विमानी चढली, इंजिनाने गर्जना केली, आणि ऐन वक्ती सरकारांनी पायडलांवरचे पाय काढोन घेतले. तोंच मागल्या आसनावरून, हजारो रोग्यांस त्यांनी स्वतः ऐकविलेले बोल बाईसाहेबांचे मुखे कानी आले.

"घाबरू नका. अजिबात दुखणार नाही."

सरकार मोठ्याने हसले आणि विमान जमिनीवरून उठले. अकरा मिनिटे आकाशात राहिले, डावीकडे वळावे म्हटले तर डावीकडे, उजवीकडे म्हटले तर उजवीकडे वळले, आणि उभयता सुखरूप उतरली. येणेप्रमाणे दंतवैद्य सरकारांची फत्ते जाहली, आणि ती घडविली बाईसाहेबांनी, हे सरकारांच्याच आज्ञेने येथे नमूद केले असे.