तात्यांच्या स्वेटरचा गळा

आमच्या घरात शिलाई तीन पिढ्यांची. आजोबांनी अर्ध्या बारामतीचे सदरे शिवले, वडिलांनी उरलेल्या अर्ध्या बारामतीचे, आणि माझी आई मुक्ताबाई अजूनही दिवसाला तीन ब्लाउज हातावेगळे करते. मी एक पाऊल पुढं गेलो. मी विणतो! जुन्या फोटोतला कुठलाही स्वेटर दाखवा, टाक्याला टाका जुळवून देतो, अशी माझी फुशारकी असायची.

ती मी नको तिथं मारली. सासुरवाडीला, बावड्यात, सासऱ्यांसमोर!

विजयसिंह तात्या म्हणजे सहा फूट माणूस आणि बारा फूट आवाज. ते बांधावर नुसते खोकले तरी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बंद पडतो. त्यांनी मला भिंतीवरचा आपल्या वडिलांचा, दत्तोबा आबांचा फोटो दाखवला. आबांच्या अंगात गोल गळ्याचा, वेणीच्या विणीचा स्वेटर.

"जावईबापू, माझ्या एकसष्टीला हुबेहूब असाच पायजे."

"झाला समजा, तात्या!" म्हणत मी खिशातून टेप काढली.

"ही कशाला?"

"माप... गळ्याचं..."

तात्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. टेप परत खिशात गेली. त्या गळ्याला हात लावायचा? मी? शेवटी फोटोतल्या आबांवरूनच अंदाज बांधला. आबा काडीसारखे आणि तात्यांची मान उसाच्या मोळीसारखी, हे मला दिसत होतं. पण म्हटलं, लोकर ताणली जाते की!

एकसष्टीला मांडवात दोनशे पाहुणे. तात्यांनी सगळ्यांसमोर स्वेटर डोक्यातून घातला. हात बाह्यांत अर्धे गेले आणि वरच राहिले. डोकं आतच राहिलं.

"म्म्म्फ!" तात्या आतून गरजले.

"काय म्हणतायत?" मी बायकोला विचारलं.

"तुमचं नाव घेतायत," संस्कृती म्हणाली.

मी खाली ओढलं, तिनं वर ओढलं, तात्या मधल्यामधे जाऊन खांबाला धडकले! फोटोग्राफर इस्माईल सवयीनं म्हणाला, "तात्या, जरा हिकडं बघा!" सासूबाई पदराआडून पुटपुटल्या, "ऱ्हाऊ द्या घटकाभर. किती शांत वाटतंय!"

पण मग आतला आवाज बदलला. गरजणं थांबलं आणि कापरा सूर आला. "मला... काडा रं..."

कुणीतरी कोयता आणला.

"नको! वीण तुटली की सगळा उसवत जाईल!" मी ओरडलो.

"स्वेटरचं काय घिऊन बसलाय? माणूस जाईल!" कोयतेवाला म्हणाला.

"व्हा बाजूला सगळी," पाहुण्यांतून उठत माझी आई म्हणाली. तिनं पिशवीतून सुई, दोरा आणि कात्री काढली. आधी स्वेटरच्या गळ्याखाली टिपांच्या दोन उभ्या ओळी घालायच्या आणि मधून कापायचं, म्हणजे उसवत नाही.

"विजयसिंहराव, हलू नका. सुई गळ्यापाशी हाय."

तात्या पुतळ्यासारखे उभे. एकेक टाका पडत होता आणि दर टाक्याला मी डोळे मिटत होतो. मग कात्री चालली. कच्... कच्... आणि तात्यांचं तोंड बाहेर आलं. लाल, घामेजलेलं, मिशी एका बाजूला वळलेली.

त्यांनी मला शोधलं. मी इस्माईलच्या मागं होतो.

"जावईबापू."

"ज... जी तात्या."

"माप घ्यायला भ्यालात व्हय?"

"व्हय."

तात्यांनी वळलेली मिशी सरळ केली. मग म्हणाले, "जेवायला चला."

बस, एवढंच! वर दिवसभर तो स्वेटर त्यांनी अंगातून उतरवला नाही. दुपारच्या उन्हात घाम निथळत होता, तरी नाही! माझी छाती फुगली. निघताना मी सासूबाईंना म्हणालो, "तात्यांना स्वेटर फारच आवडलेला दिसतोय!"

"आवडतोय कसला?" त्या हळूच म्हणाल्या. "काढताना परत अडकला, तर तुमच्या आई सुई घिऊन येतील म्हणून भ्यालेत!"