उज्जैनच्या विषाणूचं बारसं

सरकारी कागदावर ज्याला नाव नाही, ते अस्तित्वात नसतं. एवढ्या भक्कम पायावर आपला देश उभा असताना, १९९४च्या जानेवारीत सुलू चांदोरकरांच्या कोंबड्या बेकायदेशीरपणे शिंकू लागल्या.

सुलूताईंच्या आठशे कोंबड्या आगर रोडवर होत्या. (माधव नगरातले नातेवाईक त्याला ‘सुलूचा बिझनेस’ म्हणत, कोंबडी हा शब्द देवघरापर्यंत ऐकू जातो.) त्यांतल्या तीनशे बारा शिंकत होत्या. अंडी सुरकुतलेली, आत पाण्यासारखी पातळ. सुलूताई चार अंडी आणि एक कोंबडी पिशवीत घालून पशुवैद्यकीय कचेरीत गेल्या.

तिथले डॉ. यज्ञेश्वर पागे अत्यंत नियमनिष्ठ अधिकारी होते.

“लसीचा टीका लागलाय ना?”

“लागलाय. तुमच्याच हातून.”

“मग बीमारी होऊच शकत नाही.”

कोंबडी टेबलावर शिंकली.

“धूळ फार आहे हो इथे,” पागेसाहेब म्हणाले.

सुलूताईंनी हट्टाने नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं: विषाणू जुनाच, पण त्याचा एक जनुक बदललाय, लस त्याला ओळखत नाही. देशात मोटारींची नवी मॉडेलं येत होती, टीव्हीवर नवी चॅनेलं येत होती. विषाणूनेच तेवढं मागासलेलं राहावं, ही अपेक्षा अन्यायाची होती.

अहवालातल्या शेवटच्या ओळीने पागेसाहेब उजळले. नव्या प्रकाराला सापडल्या जागेचं नाव देता येईल, असं तिथे लिहिलं होतं.

“उज्जैन प्रकार!” ते म्हणाले. “सुलूताई, आपलं गाव दुनियेच्या नकाशावर!” त्यांनी कचेरीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी राम घाटावरचं शिष्टमंडळ आलं. पवित्र नगरीचं नाव मुर्गीच्या जुकामाला? “नाम देना ही है, तो इंदौर दे दो,” वयोवृद्ध पुजारी समजुतीने म्हणाले.

सात जणांची समिती नेमण्यात आली. (पाच सभासदांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाची खात्री होती.) अकरा बैठका झाल्या. ‘शिप्रा’ हे नदीचं नाव भावना दुखावतील म्हणून बाद झालं. ‘मालवा’त आपणही येतो म्हणून रतलामने हरकत घेतली. शेवटी इंदौरला विचारलं, तर इंदौरवाले आनंदाने हो म्हणाले.

इथे मात्र उज्जैन खवळलं. “कचेऱ्या तिकडे, कारखाने तिकडे, आता व्हायरसपण?” समितीतल्या मृणाल दिघेबाईंनी टेबलावर हात आपटला. शिष्टमंडळ पुन्हा आलं, या वेळी हार घेऊन. ‘उज्जैन प्रकार’ हे नाव एकमताने मंजूर झालं, आणि त्याच दिवशीच्या टपालाने प्रयोगशाळेचं दुसरं पत्र आलं: विषाणू पुन्हा बदलला आहे, सदर प्रकार आता आढळत नाही. समितीला मुदतवाढ मिळाली.

कोंबड्या बऱ्या आहेत. पहिल्या बैठकीच्याही आधी सुलूताईंनी आजारी कोंबड्या वेगळ्या काढल्या, शेडला पोती लावून ऊब दिली आणि वसंतरावांना, म्हणजे यजमानांना, चपला बाहेर काढायला लावल्या. सत्तावीस गेल्या, त्यांच्यासाठी सुलूताई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. बाकीच्या जगल्या.

त्यांची चौकशी करायला कोणी आलं नाही. वाचकहो, तुम्हीसुद्धा तर अकराही बैठकांना हजर होतात.