घड्याळाच्या वेळेनुसार सहा महिने

माणसाला वेळ कळावी म्हणून घड्याळाचा शोध लागला, आणि घड्याळ असूनही वेळ कळू नये म्हणून घड्याळ दुरुस्तीचा. या दोन शोधांपैकी दुसरा अधिक टिकाऊ ठरला आहे. घड्याळं बंद पडतात. घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद पडलेलं कोणी पाहिलेलं नाही (जेवणाची सुट्टी सोडून).

या कथेतल्या जावयाला हे सत्य उशिरा कळलं. तो पदार्थविज्ञानाचा पदवीधर होता आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होता. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा बाणा. लग्नानंतर पहिला आठवडाभर त्याने आंघोळीच्या पाण्याचं तापमानही नोंदवलं (आठव्या दिवशी बायकोला थर्मामीटर सापडला).

लग्नात सासऱ्यांनी त्याला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं होतं. सासरे कारखान्यात टाइमकीपर होते. पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल कारखान्याने ते घड्याळ त्यांना दिलं होतं आणि पुढची दहा वर्षं, निवृत्तीपर्यंत, ते त्यांच्या हातावर होतं. मागच्या झाकणावर 'प्रदीर्घ व निष्ठावंत सेवेबद्दल' अशी अक्षरं कोरलेली होती. घड्याळ जावयाच्या हातावर बांधताना सासऱ्यांचा आवाज कापरा झाला. "जावईबापू," ते म्हणाले, "हे आता तुम्ही सांभाळायचं." मांडवातल्या अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भर उन्हाळा होता, घामही असू शकेल.

घड्याळ एकोणीस दिवस उत्तम चाललं. विसाव्या दिवशी हवा गार झाली आणि सात वाजून अठरा मिनिटांनी ते थांबलं.

"सेल गेला असेल," जावई म्हणाला.

"सेल जाऊ दे नाहीतर आणखी काही," बायको म्हणाली, "पुढच्या रविवारी बाबा येणारेत. आल्या आल्या विचारतील, किती वाजले. माहितीये ना तुम्हाला? ते घड्याळ त्यांनी दादालासुद्धा दिलं नाही, तुम्हाला दिलं. बंद दिसलं तर काय वाटेल त्यांना?"

जावयाला ते माहीत होतं. लग्न ठरल्यापासून सासरे चार वेळा भेटले होते आणि चारही वेळा त्यांनी पहिलं वाक्य तेच उच्चारलं होतं: "काय जावईबापू, किती वाजले?" आवाज असा, की उत्तर चुकलं तर मुलगी परत नेतील. हातात बारा दिवस होते.

बाजारातलं घड्याळांचं दुकान कपाटाएवढं होतं. सासऱ्यांनी घड्याळ देताना त्याचाच पत्ता आवर्जून सांगितला होता. भिंतीवर त्रेचाळीस घड्याळं होती, सगळी चालू, आणि त्यातल्या कोणत्याही दोन घड्याळांचं एकमत नव्हतं. मधोमध एक वाकलेला दिवा, दिव्याखाली हिरवी गादी, गादीमागे डोळ्याला भिंग लावलेले घड्याळजी. त्यांची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध होती. आधी झाकण उघडायचं, मग आत फुंकर मारायची, मग "हं" म्हणायचं. हे "हं" तीन प्रकारचं असतं, हे पुढच्या भेटींतून जावयाच्या लक्षात आलं. आखूड "हं" म्हणजे सेल. लांब "हं" म्हणजे आतलं मशीन. आणि भिंगावरून गिऱ्हाइकाकडे बघत म्हटलेलं "हं" म्हणजे या घड्याळाला याआधी कोणत्या गाढवाने हात लावला होता (बहुतेक वेळा त्यांनीच).

पहिल्या भेटीत "हं" आखूड निघालं. घड्याळजींनी डबीतून नवा सेल काढला, जिभेला लावून तपासला आणि आत बसवला. काटा टकटक करू लागला. मग त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने ओढलेल्या बारीक रेघा न्याहाळल्या आणि विचारलं, "मधे किती दिवस चाललं?"

"एकोणीस," जावई म्हणाला. तो आकड्यांच्या बाबतीत कधी खोटं बोलत नसे.

घड्याळजींनी बोटं मोजली, आणखी एक रेघ ओढली आणि म्हणाले, "मग पाच महिने दोन दिवस राहिले."

जावयाने वहीत टिपून ठेवलं. काय राहिलं ते मात्र त्याला कळलं नाही. तो घरी निघाला, आणि औषधांच्या दुकानासमोर घड्याळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. घड्याळजींनी सेल काढला, पुसला, तोच परत बसवला. घड्याळ चालू झालं. औषधांच्या दुकानासमोर थांबलं. तिसऱ्या दिवशी "हं" लांब निघालं. चौथ्या दिवशी घड्याळ चालू असताना जावयाने पावलं मोजली. पाचव्या दिवशी तो प्रयोगशाळेतली मोजपट्टी घेऊन आला आणि चार फेऱ्या मारल्या. दुकानाच्या उंबऱ्यापासून घड्याळ थांबण्यापर्यंतचं अंतर अनुक्रमे एकशे चाळीस, एकशे त्रेचाळीस, एकशे एकोणचाळीस आणि एकशे बेचाळीस मीटर भरलं. सरासरी एकशे एक्केचाळीस. विज्ञानात इतकी सुसंगत निरीक्षणं क्वचित मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तर त्याला ती कधीच मिळाली नव्हती.

"थांबलं का?" औषधवाल्याने आतून विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांची इथेच थांबतात. म्हणून तर बाक टाकलाय. बसा, दम घ्या, मग परत जा."

बाकावर आधीच दोघे जण बसले होते. दोघेही मनगट कानाला लावून.

सहाव्या दिवशी जावयाने आवाज चढवला. "मी दुसऱ्या दुकानात नेतो," तो म्हणाला.

घड्याळजींना राग आला नाही. त्यांनी शांतपणे खणातून एक छापील कागद काढून पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं:

'एक. आमच्या कामाची गॅरंटी सहा महिने. दोन. हे महिने संबंधित घड्याळाने स्वतः मोजलेले असावेत. तीन. घड्याळ बंद असताना गॅरंटीचा एकही दिवस खर्च होत नाही. चार. घड्याळ चालू असताना तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. पाच. इतरत्र झाकण उघडल्यास गॅरंटी संपुष्टात येईल.'

जावयाने कागद तीनदा वाचला. त्यातल्या तर्कात त्याला एकही फट सापडली नाही. जगातले सगळे कारखानदार भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे गॅरंटी देतात आणि वस्तू बिघडेपर्यंत ती नेमकी संपवतात. इथे मात्र वस्तू जितकी नादुरुस्त, तितकी गॅरंटी दीर्घायुषी. पूर्ण निकामी घड्याळाला तर ती अमर. पाच महिने दोन दिवस म्हणजे काय, हेही त्याला आता कळलं. अशी गॅरंटी लाथाडून दुसरीकडे जाणं हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. त्याने घड्याळजींची माफी मागितली.

घरी येऊन मात्र त्याने वहीत गणित मांडलं. सहा महिन्यांतून एकोणीस दिवस वजा केले तर पाच महिने अकरा दिवस उरतात. घड्याळजी म्हणाले होते पाच महिने दोन. मधले नऊ दिवस कुठे गेले? त्याने त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि दुहेरी चौकट केली.

सातव्या दिवशी त्याला कारण सापडलं. दुकानात घड्याळ त्या वाकलेल्या दिव्याखाली तापायचं. तापलं की चालायचं. बाहेर आलं की निवायचं, आणि एकशे एक्केचाळीस मीटरवर थांबायचं. खात्री करण्यासाठी त्याने घरी प्रयोग केला.

बायको बाहेरच्या खोलीत आली आणि दारातच थांबली. "अहो, घड्याळाला इस्त्री करताय?"

"वरून रुमाल ठेवलाय," तो म्हणाला.

निष्कर्ष स्पष्ट होता. चाळीस अंशांच्या वर घड्याळ सेकंदाचीही चूक करत नव्हतं. त्याखाली ते दागिना होतं. त्याने हे घड्याळजींनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बघा, म्हणजे दोष हवामानाचा." आणि हवामान गॅरंटीत बसत नव्हतं.

रविवारी दुपारी चार वाजता सासरे आले. चपला काढल्या, पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीकडेच्या खुर्चीत बसले, आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "काय जावईबापू, किती वाजले?"

जावई सोफ्यावर बसला होता. मांडीवर लोकरी खोळ घातलेली गरम पाण्याची पिशवी, पिशवीवर डावा हात. त्याने मनगट किंचित वळवलं. "चार वाजून तीन मिनिटं," तो म्हणाला. इतक्या अभिमानाने त्याने परीक्षेतही कधी उत्तर दिलं नव्हतं.

सासऱ्यांनी मान डोलावली. "हाताला काय झालं?"

"लचकलाय."

"कशाने?"

"पाणी तपासताना," जावई म्हणाला.

साडेचारला सासऱ्यांनी पुन्हा वेळ विचारली, जावयाने पुन्हा अचूक सांगितली. पाऊण तास झाला तेव्हा पिशवी कोमट झाली. "अगं, पाणी बदलतेस का जरा?" बायकोने पिशवी नेली, भरून आणली. पाच वाजून दहा मिनिटांनी पुन्हा, "अगं..."

"तिसऱ्यांदा भरतेय!" ती म्हणाली. "उकळत्या पातेल्यातच घाला ना हात." ती पिशवी घेऊन आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार आपटलं.

काटा अडखळला. जावयाने घाईघाईने मनगट काखेत दाबलं. सासरे खुर्चीतून पुढे झुकले, आत एक नजर टाकली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पिशवीचा काही उपयोग नाही. उकडलेला बटाटा घ्या. सालासकट. बाहीत ठेवायचा. तास-दीड तास धरतो."

जावयाने मनगट काखेतून बाहेर काढलं.

"बाबा," जावई म्हणाला, "तुमच्याकडे हे एकूण किती दिवस चाललं?"

"नऊ."

जावयाने डोळे मिटले. दुहेरी चौकटीतलं प्रश्नचिन्ह सुटल्याचं समाधान इतर सगळ्या भावनांच्या आधी आलं. शास्त्र शिकलेल्या माणसाचा हा दोष आहे. मग इतर भावना आल्या.

"दहा वर्षांत नऊ दिवस? उन्हाळ्यातसुद्धा नाही?"

"गेटवरच्या केबिनमध्ये डोक्यावर पंखा होता ना."

"पण तुम्ही टाइमकीपर होतात! कारखान्याचा भोंगा तुम्ही वाजवायचात!"

"वाजवायचो की. वेळेवर. गेटमधून आत येणाऱ्या पहिल्या दहा जणांना दरडावून विचारायचो, किती वाजले? प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्याला उशिराबद्दल पकडतोय. घाबरून अगदी खरं सांगायचे. मी सरासरी काढायचो." सासऱ्यांनी खांदे उडवले. "तीच सवय लागली. आता घरी कोणी येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो."

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा नव्हता घेत?"

"छे हो. मला खरंच कळत नाही किती वाजले."

बारा दिवसांचं ओझं जावयाच्या छातीवरून उतरलं, आणि तिथेच त्याच्या जागी राग बसला. "मग दुसऱ्या दुकानात का नाही नेलंत कधी?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अहो, गॅरंटी गेली असती ना!"

जावयाला छापील कागदातलं पाचवं कलम आठवलं.

"मुलाला देत होतो," सासरे पुढे म्हणाले. "तो म्हणाला, आधी चालतं का ते सांगा. माणसाने बापावर इतका अविश्वास दाखवू नये. तुम्ही काही विचारलं नाहीत. तेव्हाच मी हिच्या आईला म्हटलं, मुलगा चांगला आहे."

बायको पिशवी घेऊन बाहेर आली. "काय कुजबुज चाललीय?"

"वेळ विचारत होतो," सासरे म्हणाले.

त्या रविवारनंतर घड्याळ त्या घरात दिसलेलं नाही. बायकोला सांगण्यात आलं की ते दुरुस्तीला दिलंय. हे उत्तर कुठल्याही घरात सहज पंधरा वर्षं पुरतं. प्रत्यक्षात सासरे-जावयांनी मिळून ते पुढे कोणाला तरी प्रेमाने द्यायचं ठरवलं होतं. झाकणावरच्या अक्षरांची अडचण नव्हती, कारण आपली सेवा प्रदीर्घ आणि निष्ठावंत आहे असं वाटत नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. प्रश्न फक्त योग्य व्यक्तीचा होता. जावयाने वहीत निकष लिहिले: सुशिक्षित हवी. भेटवस्तू मिळाल्यावर ती चालते का असं तोंडावर विचारण्याइतकी उद्धट नको. हेलपाटे कितीही पडले तरी 'गॅरंटीत आहे' एवढ्या शब्दावर घरी परत जाणारी हवी. असं माणूस मिळायला वर्ष जाईल, अशी त्याला धास्ती होती. पहिल्याच संध्याकाळी यादी सदतीस नावांवर गेली आणि वहीचं पान संपलं.

म्हणून सासऱ्यांच्या सूचनेवरून शेवटचा, सर्वांत कडक निकष घालण्यात आला: दुसऱ्यांच्या फजितीची गोष्ट जी व्यक्ती शेवटपर्यंत हसत वाचते, आणि यात आपला काही संबंध असेल अशी शंका जिच्या मनात एकदाही येत नाही. निवड एकमताने झाली. पार्सल काल निघालं आहे. पत्ता जावयाने दोनदा तपासून घेतला.