देवाजीभाऊंचे दोन शब्द

माझे थोरले बंधू वारले, त्या सकाळी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रीतसर निवेदन टाकले. लोकांनी जोडलेले हात, फुले, दिवे असे जे पाठवायचे असते ते पाठवले. शेजारच्या घरातील देवाजी मेश्राम यांनी मात्र दोनच शब्द लिहिले : "नोंद घेतली."

मी दिवाणी न्यायालयात लिपिक होतो. हा शेरा माझ्या हातून असंख्य कागदांवर पडला आहे. परंतु मृताच्या भावाला तो दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

हा अपवाद असता तर मी दुर्लक्ष केले असते. पण ग्रुप चालवणाऱ्या गुरुजींना नातू झाला, तेव्हाही "नोंद घेतली." दोन दिवस नळाला पाणी येणार नाही, "नोंद घेतली." नातू आणि नळ यांत या गृहस्थांना काही फरक वाटत नसावा, अशी माझी खात्री झाली. शिवाय रोज सकाळी सहाला "देवाजी. सकाळ. ठीक." आणि सायंकाळी सहाला "देवाजी. संध्याकाळ. ठीक." कोणी विचारलेले नसताना.

हे गुरुजी ग्रुपवर मोठमोठ्या बोधकथा टाकतात. एकदा लागोपाठच्या तिसऱ्या कथेखाली देवाजीभाऊंनी लिहिले : "जागा मोकळी ठेवा." गुरुजी तडक माझ्याकडे आले.

"हा मलेच ग्रुप सोडाले सांगून राह्यला का जी?"

"प्रथमदर्शनी तसेच दिसते," मी म्हणालो.

देवाजीभाऊ हे वनविभागातील निवृत्त वनरक्षक. अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या नाक्यांवर त्यांची सारी नोकरी गेली. पत्नी वारली आहे. अंगाने वाळल्या बांबूसारखे सरळ. पावलांचा आवाज म्हणून येत नाही, त्यामुळे आमच्या मंडळी अंगणात दोनदा दचकल्या आहेत. आठवडी बाजारातून येताना भाजीची एक जुडी जास्तीची आणतात, आमच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवतात आणि एक शब्द न बोलता निघून जातात. मी प्रथम याबाबतही लेखी विचारणा करणार होतो.

असो. मी गुरुजींच्या नावे अर्ज तयार केला. विषय : ग्रुपमधील एका सदस्याच्या अवमानकारक लेखनाबाबत. चार परिच्छेद, आणि परिशिष्टात त्यांच्या संदेशांची छायाचित्रे. मागणी एकच : त्यांना ग्रुपमधून कमी करावे. मंडळींनी तांदूळ निवडता निवडता तो ऐकला.

"अन् भाऊजी गेले तेवा सरणाची लाकडं कोनं वाहली जी? सगळ्यात आधी दारात कोन उभा होता? ते परिशिष्टात लावलं का?"

"प्रत्यक्ष वर्तन हा स्वतंत्र मुद्दा आहे," मी म्हणालो. मात्र अर्ज त्या दिवशी पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवाजीभाऊ स्वतःच आले. हातात मोबाईल होता. त्यांची एकुलती मुलगी सुजाता नागपूरला दवाखान्यात परिचारिका आहे. बरीच वर्षे कंत्राटावर राबली आणि आता तिची नोकरी कायम झाली होती. तिने वडिलांना लांबलचक संदेश लिहिला होता. आई असती तर तिला काय वाटले असते, पहिला कोरा गणवेश कसा वडिलांनीच आणून दिला होता, असे सारे त्यात होते. त्याखाली वडिलांचे उत्तर : "नोंद घेतली." आणि त्याखाली मुलीचे : "बाबा, मी काई तुमचा नाका नाई." पुढे काहीच नव्हते.

"तुमी कागदाचे मानूस," देवाजीभाऊ म्हणाले. "माह्या लिवण्यात राग कुठी दिसते, तेवढं दाखवून द्या."

मी त्यांना कायद्याच्या भाषेत समजावले. लिहिणाऱ्याचा हेतू कागदाला जोडलेला नसतो. वाचणाऱ्याच्या हाती फक्त अक्षरे जातात, आणि निकाल त्या अक्षरांवरच लागतो.

"मंग तुमचा कुठी जोडलेला असते?" त्यांनी ग्रुप उघडून माझाच एक संदेश पुढे केला. नालीत केरकचरा टाकणाऱ्यांनी सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा उचित कारवाई केली जाईल, असा तो होता. "मले वाटलं तुमी माह्यावर केस टाकून राह्यले. दोन दिवस जेवन नाई गेलं."

माजघरातून मंडळींचा आवाज आला. "त्यायले वाटलंच. गुरुजींची सून तं ह्यायचा मेसेज आला का टीव्ही बंद करते."

ही बाब माझ्यासमोर यापूर्वी कोणी आणली नव्हती. मी तो संदेश पुन्हा वाचला. लिहिताना मला तो सौम्य वाटला होता.

मग मी विचारले, "पण भाऊ, दोनच शब्द का?"

"सेटवरची सवय." त्यांना सांगायला वेळ लागला. नाक्यावर वायरलेसचा सेट असे. सकाळ-संध्याकाळ सहाला प्रत्येक नाक्याने बोलायचे. "आपुन बोलत असलो का दुसऱ्याचा आवाज येत नाई. कोनाले साप चावला असंल, कुठी वनवा लागला असंल. त्याले जागा पायजे ना जी. म्हनून ऐकलं तेवढं सांगाचं अन् सेट सोडाचा."

मी टेबलावरचा अर्ज उलटा करून ठेवला.

सुजातासाठी उत्तर लिहून देण्याची जबाबदारी मी घेतली. विषय, संदर्भ, आणि गैरसमजाबद्दल खेद व्यक्त करणारे तीन मुद्दे. देवाजीभाऊंनी तो मसुदा दोनदा वाचला.

"हे तं ठाण्यातून आल्यावानी वाटते जी."

"लेकीले पत्र हाये का समन्स?" मंडळी म्हणाल्या. मसुदा मागे घेण्यात आला.

त्या सायंकाळी सहाला त्यांनी मुलीला रोजच्यासारखे "ठीक. तुझं सांग." असे लिहिले. उत्तर आले नाही. सकाळी सहालाही आले नाही. साडेसहाला मी फाटक उघडले, तर ते बाहेर उभे. खांद्याला पिशवी, पाण्याची बाटली, हातात काठी.

"कुठे निघालात?"

"नागपूर. दोन हजेऱ्या चुकल्या. नाका दोनदा नाई बोलला का मानूस शोधाले जाते. नियम हाये."

"अहो, ती रागावली असेल. फोन करा."

"दोनदा केला. उचलला नाई. रागावलेल्याच्याबी पायाखाली साप निंगते."

सुजाताचा क्रमांक मंडळींकडे होता. मी लावला, तिने उचलला. आवाज रात्रपाळी संपल्यासारखा होता. वडील काठी घेऊन नागपूरला निघाले आहेत, आणि का निघाले आहेत, हे मी कोणतेही कलम न लावता सांगितले.

"काका, लहानपनी मी नाक्याच्या दारात बसून पाहत राहो," ती म्हणाली. "कोनी हरवलं का बाबा निंगून जात. कोनाच्याबी मागं जात. त्यायले थांबवू नका. येऊ द्या."

मी फोन ठेवला.

"काय म्हनते?"

"सुखरूप आहे."

"मंग येऊ नका म्हनते?"

"या म्हणते."

देवाजीभाऊ आमच्या पायरीवर खाली बसले. काठी आडवी मांडीवर घेतली. गाडीला वेळ होता. मग ते बोलू लागले. सुजाता कोणत्या नाक्यावर पहिले पाऊल टाकून चालली, मोहफुले वेचताना टोपलीतच कशी झोपायची, इंजेक्शनला घाबरणारी ही पोर परिचारिका व्हायचे म्हणाली तेव्हा तिची आई किती हसली. मंडळींनी चहा आणून दिला, तो निवून गेला. आमच्या वडशाच्या रेल्वे स्थानकापर्यंत मी त्यांच्यासोबत चालत गेलो. ते बोलतच होते, आणि मी एकदाही मध्ये पडलो नाही.